मराठी मजकूर रून लिपीत कसा लिहावा आणि लाकडावर कसा कोरावा

रून ही उत्तर युरोपातील जुनी लिपी. तिच्या अक्षरांत आपले नाव, गावाचे नाव किंवा एखादे छोटे वाक्य लिहावयाचे असेल, तर सर्वप्रथम त्याचे इंग्रजी स्पेलिंग विसरून जावे. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक ‘कन्व्हर्टर’ रोमन अक्षर घेतात, त्याच्या जागी जुळणारे एखादे रून अक्षर ठेवतात आणि मोकळे होतात. आपल्या नागपूरच्या सीताबर्डीचेच पाहा. इंग्रजी पाट्यांवर आणि नकाशांवर तिचे ‘सिताबुल्डी’ झालेले आहे. ते स्पेलिंग कन्व्हर्टरमध्ये टाकले, तर लाकडावर ‘बुल्डी’ उमटणार आणि बर्डी हरवणार. व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातील जुने दर्यावर्दी लोक, यांच्या काळातील कोरणाऱ्यांपुढे प्रमाण स्पेलिंग नव्हते. उच्चार जसा कानावर पडे, तसा तो सोळा अक्षरांत बसवला जाई. मराठी माणूसही बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणेच लिहितो. त्यामुळे मराठीतून थेट रून लिपीत जाणे हा जवळचा मार्ग आहे. मध्ये रोमन लिपीचा मुक्काम करण्याचे कारण नाही.

कोणती वर्णमाला घ्यावी

रून लिपी एकच नव्हती. साधारणपणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून आठव्या शतकापर्यंत २४ अक्षरांची जुनी माला चालत असे. तिला पहिल्या सहा अक्षरांच्या ध्वनींवरून ‘फुथार्क’ म्हणतात. पुढे स्कँडिनेव्हियात ती आटून १६ अक्षरांची झाली आणि व्हायकिंग युगात, म्हणजे ढोबळमानाने ७९३ ते १०६६ या काळात, हीच १६ अक्षरांची माला वापरात होती. इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन माला वेगळी. ती उलट वाढत गेली. बाजारात दिसणारी लॉकेटे, टी-शर्ट आणि गोंदणे यांवर बहुधा २४ अक्षरांची माला असते आणि खाली मात्र ‘व्हायकिंग’ लिहिलेले असते. संगणकाच्या युनिकोडमध्ये रून अक्षरांचा विभाग १९९९ पासून आहे, पण त्यात सर्व काळांची अक्षरे शेजारी शेजारी ठेवलेली असल्याने तेथून उचललेल्या मजकुरात तीन शतके आणि दोन देश सहज एकत्र येतात.

या लेखात दहाव्या शतकातील डेन्मार्कची, लांब फाट्यांची १६ अक्षरे घेतली आहेत. याला कारण आहे. याच पद्धतीत कोरलेला येलिंग येथील मोठा शिलालेख, सुमारे इ.स. ९६५ चा, आपल्याला नमुना म्हणून उत्तम उपयोगी पडतो. डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याने तो आपले वडील गोर्म आणि आई थ्यूरा यांच्या स्मरणार्थ उभारला. त्यावर त्याने स्वतःचे नाव ‘हारल्त्र’ असे कोरवून घेतले आहे, कारण या मालेत ‘द’ला स्वतंत्र अक्षर नाही. ‘डेन्मार्क’चे त्यावर ‘तन्मौर्क’ आहे आणि राजा या अर्थाचा ‘कोनुंग्र’ हा शब्द ‘कुनुक्र’ असा आहे. म्हणजे ‘ओ’चा ‘उ’ झाला, ‘ग’चा ‘क’ झाला आणि त्यापूर्वीचा अनुनासिक गळाला. राजाच्या शिलालेखात हे चालत होते, तर आपल्या पट्टीवरही चालेल. (फोनमधील ब्लूटूथचे चिन्ह म्हणजे याच राजाच्या आद्याक्षरांची, ‘हागाल’ आणि ‘ब्यार्कन’ या दोन अक्षरांची, एका दांड्यावर केलेली जोडणी आहे.)

मराठी ध्वनींची वाटणी

सोळांपैकी चौदा अक्षरे आपल्याला पुरतात. क, ख, ग, घ या चौघांसाठी एकच ‘कौन’. ट, ठ, ड, ढ आणि त, थ, द, ध या आठही व्यंजनांसाठी ‘ट्यूर’. प, ब, भ यांना ‘ब्यार्कन’. फ मात्र आजच्या शहरी उच्चारात ओठ-दातांचा झाला आहे, म्हणून त्याला ‘फे’ द्यावे, वाचणाऱ्याची तेवढीच सोय होते. न आणि ण यांना ‘नौद’, म ला ‘माद्र’, र ला ‘रैद’, ल आणि ळ यांना ‘ल्योग्र’, ह ला ‘हागाल’, आणि स, श, ष या तिघांना ‘सोल’. य साठी ‘ईस’ आणि व साठी ‘ऊर’ हे स्वरच कामाला येतात. च, ज, झ यांच्या जवळचा ध्वनी त्या भाषेत नव्हता. तेथे ‘ट्यूर’ आणि ‘सोल’ अशी दोन अक्षरे लागोपाठ कोरावीत. ही आपण केलेली सोय आहे. ‘चांदणे’ आणि ‘जहाज’ यांतील दंततालव्य उच्चाराला ती चपखल बसते, ‘चंद्र’ आणि ‘जीवन’ यांना जेमतेम.

स्वरांत अ आणि आ यांना ‘आर’. इ, ई, ए यांना ‘ईस’. उ, ऊ, ओ यांना ‘ऊर’. ऐ हा ‘आर-ईस’ आणि औ हा ‘आर-ऊर’ असा लिहावा; जुन्या शिलालेखांतही हे संयुक्त स्वर असेच दोन अक्षरांत फोडलेले आढळतात. अनुस्वार असलेल्या अ किंवा आ साठी ‘आस’ हे अक्षर राखून ठेवावे, कारण दहाव्या शतकात त्याचा उच्चार अनुनासिक आ असा होता. पुढील शतकात तो ‘ओ’कडे सरकला, म्हणून काळ निश्चित करणे महत्त्वाचे. राहिलेली दोन अक्षरे म्हणजे ‘थुर्स’ आणि ‘यूर’. थुर्सचा उच्चार जीभ दातांना लावून सोडलेल्या घर्षक ध्वनीचा आहे, मराठी थ चा नव्हे. थोरात आडनावाच्या तरुणाला आपल्या नावात थॉर देवाचे आद्याक्षर दिसणे स्वाभाविक आहे, पण ते रोमन ‘टी-एच’ने निर्माण केलेले नाते आहे, ध्वनीप्रमाणे थोरात ‘ट्यूर’नेच सुरू होतो.

देवनागरीची सवय एका ठिकाणी दगा देते. आपल्या व्यंजनात अ दडलेला असतो आणि शब्दाच्या शेवटी तो बोलताना गळतो. रून लिपीत व्यंजन हे नुसते व्यंजन असते. म्हणून जो अ ऐकू येतो, तो ‘आर’ कोरून दाखवावा लागतो आणि जो ऐकू येत नाही, तो सोडून द्यावा लागतो. नागपूर हे न-आ-क-ब-उ-र अशा सहा अक्षरांत संपते. वर्धा म्हणजे उ-अ-र-त-आ. सीताबर्डीला नऊ अक्षरे लागतात: स-इ-त-आ-ब-अ-र-त-इ. विदर्भाच्या शेवटी मात्र जोडाक्षरामुळे अ स्पष्ट उरतो, तो लिहावा. शब्द दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय कागदावर उतरवू नये.

एवढे केल्यावर लक्षात येते की ताट, दात, ताड आणि दाढ हे चारही शब्द अगदी सारखेच लिहिले जातात. आणि अनुस्वाराकडे दुर्लक्ष केले, तर गंगेचे ‘काका’ होतात. याने दचकण्याचे कारण नाही. मोडी वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ संदर्भानेच लावून घ्यावे लागते, तसेच येथेही वाक्य वाचून शब्द ठरवावा लागतो, आणि तेव्हाचे वाचकही हेच करीत होते. ज्यांना हे अगदीच असह्य होईल, त्यांच्यासाठी एक प्रामाणिक पळवाट आहे: इ.स. १००० च्या सुमारास काही अक्षरांत टिंब देऊन ए आणि ग हे ध्वनी वेगळे दाखवण्याची पद्धत रुजू लागली होती. ‘ईस’वर टिंब दिले की ए, ‘कौन’मध्ये टिंब दिले की ग. मात्र मजकुरात एकदा टिंब वापरले की सर्वत्र वापरावे.

अक्षरांचे आकार

प्रत्येक अक्षर म्हणजे एक उभा दांडा आणि त्याला जोडलेले तिरके फाटे. ‘ईस’ हा नुसता दांडा. ‘कौन’ला मध्यापासून उजवीकडे वर जाणारा एक फाटा, ‘फे’ला तसेच दोन. ‘ल्योग्र’ला माथ्यापासून उजवीकडे खाली उतरणारा एक फाटा, ‘ट्यूर’ला माथ्यापासून दोन्हीकडे खाली उतरणारे दोन, म्हणजे वर टोक केलेला बाण. ‘ऊर’मध्ये माथ्यापासून निघालेली रेघ उजवीकडे वळून पायापर्यंत येते. ‘रैद’ आणि ‘ब्यार्कन’ ही रोमन आर आणि बी यांच्या कोनदार आवृत्त्या आहेत. ‘माद्र’च्या वरच्या भागातून दोन हात वर जातात. ‘हागाल’च्या दांड्यावर फुली असते, ‘सोल’ ही विजेसारखी मोडलेली रेघ असते आणि ‘आस’च्या दांड्याला दोन समांतर तिरक्या रेघा छेदतात.

खरी काळजी ‘नौद’ आणि ‘आर’ यांची घ्यावी. दोन्हींत दांड्याला एकच तिरकी रेघ छेदते. ‘नौद’मध्ये ती डावीकडून उजवीकडे उतरते आणि ‘आर’मध्ये डावीकडून उजवीकडे चढते. ‘बाबांनी’ हा शब्द कोरताना ही दोन अक्षरे लागोपाठ येतात, आणि दिशा उलटी झाली तर शब्द वाचताच येत नाही. त्याचप्रमाणे पट्टी उलटी धरली गेली तर ‘माद्र’चे ‘यूर’ होते. म्हणून पट्टीच्या वरच्या कडेला सुरुवातीलाच पेन्सिलीने खूण करावी.

काय लिहावे

स्वीडनमध्ये अडीच हजारांच्या आसपास रूनशिला आहेत आणि त्यांतील बहुसंख्य लेखांची घडण एकच आहे: अमुक याने हा दगड आपल्या तमुक नात्याच्या तमुक माणसासाठी उभारला. उभारणारा आधी, मृत व्यक्ती नंतर, मग नाते, क्वचित दोन गौरवाचे शब्द, आणि शेवटी कधी कोरणाऱ्याचे नाव. आपल्याकडील वीरगळांवर चित्र बोलते, तेथे वाक्य बोलते. घरगुती वस्तूंवरचे लेख याहून गमतीचे आहेत. इंग्लंडमधील लिंकन येथे सापडलेल्या फणीच्या घरावर ‘थोरफास्टने चांगली फणी केली’ एवढेच लिहिले आहे. नॉर्वेतील बेर्गन येथे १९५५ च्या आगीनंतर झालेल्या उत्खननात साडेसहाशेहून अधिक लेख मिळाले. ते बहुतांश व्हायकिंग युगानंतरचे आहेत, पण त्यांत मालाच्या गाठोड्यावर मालकाचे नाव सांगणाऱ्या पट्ट्या आहेत आणि ‘ग्यूदा म्हणते, तू घरी जा’ असा एक निरोपही आहे.

पहिल्या कामासाठी लिंकनच्या फणीचा कित्ता गिरवावा. ‘बाबांनी केले’ हे वाक्य त्या घडणीचे आहे आणि दहा अक्षरांत बसते: ब-आ-ब-आ-न-इ, मग विरामासाठी एकावर एक दोन टिंबे, मग क-इ-ल-इ. ‘बाबांनी’मधील अनुस्वार पुढच्या न मध्येच मिसळला आहे, आणि एकच व्यंजन लागोपाठ दोनदा लिहू नये असा त्या काळचा रिवाज होता, म्हणून न एकदाच. लस्सीसुद्धा ल-अ-स-इ अशीच लिहावी. या रिवाजाचा आणखी एक फायदा आहे. दोन ‘सोल’ शेजारी शेजारी आले की नाझी एस-एस दलाच्या चिन्हाची आठवण होते. ते चिन्ह मिरवणे जर्मनीत गुन्हा आहे. परदेशी पाठवायच्या वस्तूवर त्याच कारणाने स्वस्तिकही रून अक्षरांच्या शेजारी काढू नये. आपल्या उंबरठ्यावर ते मंगल आहे, आणि डेन्मार्कच्या स्नोल्डेलेव येथील नवव्या शतकाच्या शिलेवरही स्वस्तिकाची आकृती आहे. पण विसाव्या शतकाने त्या दोन गोष्टी एकत्र पाहण्याची तेथील लोकांची नजर बदलून टाकली आहे.

मंत्र, तोडगे आणि भविष्य यांसाठी रून कोरण्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते श्रद्धेमुळे नसून इतिहासामुळे आहे. हावामाल या जुन्या नॉर्स काव्यात ओडिन हा देव वाऱ्याने हलणाऱ्या झाडावर नऊ रात्री लटकून, भाल्याने जखमी होऊन, स्वतःलाच स्वतःचा बळी देऊन रून मिळवतो. ही कथा रून आणि गूढता यांचे जुने नाते सांगते यात शंका नाही. परंतु बाजारातील पिशवीत चोवीस अक्षरांबरोबर येणारा पंचविसावा कोरा दगड १९८० च्या दशकातील भर आहे, आणि ‘व्हायकिंग होकायंत्र’ म्हणून गोंदवले जाणारे वेग्विसिर हे चिन्ह १८६० च्या आइसलँडी हस्तलिखितातील आहे. ज्यांना तरीही मोह होईल, त्यांनी एगिल या कवी-योद्ध्याच्या सागेतील, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथेतील, प्रसंग वाचावा. एका आजारी मुलीच्या अंथरुणात व्हेलच्या हाडावर कोरलेले रून एगिलला सापडतात. एका अर्धशिक्षित तरुणाने ते तिच्यासाठी कोरलेले असतात. एगिल ते खरवडून जाळतो, नवे कोरून उशीखाली ठेवतो, आणि ज्याला नीट वाचता येत नाही त्याने रून कोरू नयेत, असे बजावतो.

लाकूड आणि कोरकाम

नागपूरच्या लकडगंजमधील आरामशिनींवर कापून उरलेले तुकडे सहज मिळतात. पहिल्या पट्टीसाठी शिवण मिळाल्यास उत्तम. ते हलके, मऊ आणि कमी आकसणारे लाकूड आहे. सागवान टिकाऊ आहे, पण त्यातील सिलिकेमुळे चाकूची धार लवकर जाते. बाभूळ नवख्याच्या हाताला फार टणक पडते. प्लायवूड घेऊच नये, कारण त्याच्या थरांतील रेषा आलटून पालटून आडव्या-उभ्या असतात आणि काप तुटक निघतो. पट्टी २० सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद आणि किमान १ सेंटिमीटर जाड असावी आणि लाकडाच्या रेषा तिच्या लांबीच्या दिशेने धावाव्यात. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. रून अक्षरांत आडव्या रेघा नसतात, त्या लाकडाच्या रेषांत हरवू नयेत किंवा तेथून लाकूड चिरू नये म्हणून, असे मानले जाते. पट्टी चुकीच्या दिशेने कापली तर उभे दांडे त्याच संकटात सापडतात.

पट्टी रंध्याने सपाट करून घ्यावी. वर आणि खाली तीन-तीन मिलिमीटर सोडून दोन आडव्या रेघा पेन्सिलीने आखाव्यात. सर्व दांडे या दोन रेघांमध्ये राहतील. दहा अक्षरे आणि विराम मिळून अकरा घरे होतात, प्रत्येकी दीड सेंटिमीटर धरल्यास साडेसोळा सेंटिमीटर जातात आणि दोन्ही टोकांना पुरेशी जागा उरते. ‘ईस’ला एक सेंटिमीटर पुरतो, वाचलेली जागा ‘ब्यार्कन’ला द्यावी, नाहीतर त्याची दोन पोटे दाटीवाटीने बसतात. आधी सगळे दांडे आखावेत, मग फाटे. आखलेला मजकूर घरातील दुसऱ्या कोणाला तरी अक्षरांचा तक्ता हातात देऊन वाचायला सांगावा. त्यांना वाचता आला, तरच चाकू हातात घ्यावा.

चाकू आखूड पात्याचा आणि खरोखर धारदार असावा. बोथट पाते लाकडाचे तंतू कापत नाही, चिरडते. पट्टी शिकंज्यात पक्की करावी आणि मोकळा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवावा. आखलेल्या रेघेवर प्रथम एक सरळ उभा काप द्यावा. मग त्याच्या डावीकडून आणि उजवीकडून साधारण ४५ अंशांत आत उतरणारे दोन काप असे घ्यावेत की ते तळाशी एकत्र येतील आणि मधली बारीक ढलपी आपोआप सुटेल. खोली २ मिलिमीटर पुरे. एकाच दमात खोल जाण्यापेक्षा दोन-तीन हलके हात फिरवावेत. तिरक्या फाट्यांवर चाकू लाकडाच्या रेषेला धरून पळू लागतो. तसे वाटताच थांबून उलट टोकाकडून काप घ्यावा. दांडा आणि फाटा जेथे मिळतात, तेथे ढलपी उचकटू नये, पात्याच्या टोकाने तोडावी.

रंग आणि तेल

रूनशिला आज करड्या दिसतात, पण त्यांपैकी अनेक मुळात रंगवलेल्या होत्या आणि काहींवर लाल-काळ्या रंगाचे अंश सापडले आहेत. लाल रंगासाठी आपल्याकडचा गेरू योग्य आहे. तो लोहयुक्त मातीचाच रंग आहे. तेल म्हणून जवसाचे घ्यावे, आणि जवस तर विदर्भाचे ओळखीचे पीक. रंगाच्या दुकानातून उकळलेले जवसाचे तेल आणावे, कच्चे तेल वाळायला फार दिवस घेते. रंग भरण्यापूर्वी संपूर्ण पट्टीवर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात द्यावा आणि तो वाळू द्यावा, म्हणजे गेरू लाकडाच्या रंध्रांत पसरत नाही. नंतर बारीक चाळलेला गेरू तेलात दाटसर कालवून ब्रशने खाचांमध्ये भरावा. दोन-तीन दिवसांनी, रंग बोटाला लागेनासा झाला की, बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून पृष्ठभाग घासावा. वर सांडलेला रंग निघून जातो आणि खाचांतील अक्षरे स्वच्छ लाल उरतात. पॉलिश पेपर नुसत्या बोटांनी धरल्यास तो खाचांत उतरतो आणि कडा गोल होतात.

शेवटी तेलाचा एक हात सर्व बाजूंनी द्यावा, मागची बाजू आणि दोन्ही टोकेही सोडू नयेत. एकाच बाजूने बंद केलेली पट्टी पावसाळ्यात वाकते. पट्टी सावलीत वाळवावी, कारण नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात लाकडाची टोके चिरतात. आणि तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, गोळा झालेल्या चिंधीत ती साठत जाते आणि कोणी काडी न लावताही कापड पेट घेऊ शकते. चिंधी दोरीवर एकेरी पसरून कडक होऊ द्यावी किंवा पाण्यात भिजवून मगच कचऱ्यात टाकावी.